पोटावर पाय नेमका कुणाच्या?

आमच्या मालवण भागातल्या एका साप्ताहिकात मध्यंतरी एका गृहस्थांचा लेख आला. गृहस्थ वयाने मोठे, देवळाच्या बैठकीत त्यांचा शब्द चालतो, म्हणून लेख वाड्यावाड्यांत वाचला गेला आणि चहाच्या टपरीवर बोललाही गेला. विषय होता सीटवर चालणाऱ्या रिक्षा, सहा सीटर आणि गणपतीला मुंबईहून भरून येणाऱ्या खासगी गाड्यांचे अपघात. म्हणणं असं: हल्ली हाड मोडलं की माणूस प्लास्टर सुकायच्या आत वकील गाठतो. हे शहरातलं खूळ आहे. रिक्षावाला आपल्या गावचा, त्याच्यावर दावा लावणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणं. वकील अर्धे पैसे खातात. कोर्टात दहा वर्षं जातात. पैशाने हाड जुळत नाही. शिवाय आता पोलीसच सगळा अहवाल पाठवतात, मग वकील हवा कशाला? चार माणसं बसवावी, दवाखान्याचा खर्च घ्यावा, मिटवून टाकावं.

मला या लेखाचा राग आला आणि तो अजून उतरलेला नाही. हा सल्ला देणाऱ्याला काही गमवावं लागत नाही. गमावते ती सकाळी साडेसहाला पाटी घेऊन कट्ट्याच्या बाजाराला निघालेली बाई, कुडाळ स्टेशनावरून रात्री मालवणकडे येणारा पोरगा, आणि (गृहस्थांना हे पटणार नाही, पण) तो रिक्षावालासुद्धा.

पोटावर पाय हा आक्षेप मी आधी घेतो, कारण बाकीचे सगळे त्याच्या आडोशाला उभे आहेत. मालवणी मुलखात त्याला उत्तर देणं जड जातं. खाटेशी येऊन कुणीतरी म्हणतो, "आपलोच झील तो, तेच्यार केस कित्याक?" आणि ज्याचा पाय मोडलाय तोच ओशाळतो. अपघात त्यानेच केल्यासारखा तो मान खाली घालतो आणि म्हणतो, "झाला ता झाला." वाडीत राहायचंय, उद्या त्याच रिक्षेत बसायचंय, लग्नकार्यात एका पंगतीत जेवायचंय. ही भीड खरी आहे, मी ती हलकी मानत नाही. पण ती ज्या समजुतीवर उभी आहे ती समजूत साफ खोटी आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याच्या कलम १४६ प्रमाणे विम्याशिवाय कुठलंही वाहन सार्वजनिक ठिकाणी आणता येत नाही. भाडं देऊन बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी कलम १४७ प्रमाणे त्या विम्यात येते. रिक्षाचं पासिंग करायचं तर विम्याचा कागद दाखवावा लागतो, म्हणून आमचा रिक्षावाला दरवर्षी हजारो रुपयांचा हप्ता निमूट भरतो. पाऊस असो, धंदा बसलेला असो, हप्ता चुकत नाही. तो हप्ता तो भरतो कशासाठी? एखाद्या दिवशी चौक्याच्या उतारावर ब्रेक लागला नाही आणि आतली माणसं रस्त्यावर पडली, तर त्यांचं जे नुकसान होईल ते आपल्या घरावर येऊ नये म्हणून. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढचा अर्ज चालक, मालक आणि विमा कंपनी अशा तिघांविरुद्ध असतो. चालकाचं नाव आधी लिहिलेलं असतं, त्याच्या घरी नोटीस जाते, बायको घाबरते, हे सगळं होतं. पण वाहनाचे कागद नीट असतील तर निकालाची रक्कम कंपनी भरते. कलम १५० तिला तसं बांधून घालतं.

आता गृहस्थांच्या तोडग्याकडे पाहू. चार माणसं बसतात. पाचशेचा स्टॅम्प आणला जातो (ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा चालत नाही, एवढी सुधारणा या कारभारात झाली आहे). मजकूर पाठ असल्यासारखा टाइप होऊन येतो: सदर अपघातात कोणाचीही चूक नसून, औषधोपचाराच्या खर्चापोटी अमुक रुपये रोख मिळाले, यापुढे कोणतीही तक्रार राहिलेली नाही. खाली सही किंवा अंगठा. हे अमुक रुपये येतात कुठून? रिक्षावाल्याच्या खिशातून. त्याच्याकडे नसले तर पतपेढीतून, नाहीतर बायकोच्या गळ्यातून. ज्याने वर्षानुवर्षं हप्ता भरला त्यानेच पुन्हा स्वतःच्या घरातून पैसे काढले, आणि हप्ता घेणारी कंपनी या बैठकीत कुठेच नाही. तिला अपघात झाल्याचा पत्ताही नाही. गृहस्थांनी सांगावं, पोटावर पाय कुणी दिला? दाव्याने की तडजोडीने?

जखमीचं काय होतं तेही बघा. हिशेब मांडून दाखवतो, कारण हवेत बोलून ही समजूत जात नाही. धरून चला, बेचाळीस वर्षांची मासे विकणारी बाई आहे. खांदा मोडला, प्लेट घातली, डॉक्टरांनी वीस टक्के कायमचं अपंगत्व लिहून दिलं. महिन्याची कमाई बारा हजार धरू, म्हणजे वर्षाची १,४४,०००. स्वतःच्या धंद्यावर पोट असलेल्या चाळीस ते पन्नास वयाच्या माणसाच्या उत्पन्नात पुढच्या वाढीपोटी २५ टक्के धरावे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१७ साली ठरवून दिलं. ते झाले १,८०,०००. एक्केचाळीस ते पंचेचाळीस वयाला गुणक १४, हा तक्ता २००९ च्या निकालातला. गुणाकार २५,२०,०००. त्याचे वीस टक्के, ५,०४,०००. यात दवाखान्याचा खर्च, वेदना, घरी बसून गेलेले महिने, प्लेट काढायचा पुढचा खर्च आणि व्याज अजून धरलेलंच नाही.

आणि वीस टक्के हा आकडासुद्धा शेवटचा नाही. अपंगत्वाचा दाखला शरीराबद्दल बोलतो, भरपाई कमाईच्या नुकसानीची असते, आणि हे दोन आकडे एक असतीलच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केलं. कारकुनाचा खांदा वीस टक्के गेला तर त्याची नोकरी राहते. डोक्यावरची पाटी उतरवताना जिचा हात वर जात नाही, तिचा धंदा किती टक्के गेला? हे न्यायाधिकरणाला पटवावं लागतं: पाटीचं वजन, लिलावाची वेळ, बाजारात किती तास बसावं लागतं, मदतीला माणूस ठेवला तर त्याला काय द्यावं लागतं. डॉक्टरला साक्षीला बोलवावं लागतं. चाळीस टक्के मान्य झाले तर तीच रक्कम १०,०८,००० होते. बैठकीतली चार माणसं यातलं काय विचारतात? "औषधांक किती गेले?" एवढंच. बाईने मेडिकलवाल्याची बिलं पिशवीतून काढली, बेरीज झाली, प्रश्न मिटला.

इथे प्रतिपक्षाच्या बाजूने जे खरं आहे तेही मांडतो. कागद नीट नसले तर? विमा संपलेला असला तर मालकाला स्वतः भरावं लागतं, यात शंका नाही. चालकाचा परवाना नाही किंवा गाडीचं परमिट नाही अशा वेळी कंपनी हात झटकायला बघते. पण परवान्याच्या बाबतीत २००४ पासून आणि परमिटच्या बाबतीत २०१८ पासून सर्वोच्च न्यायालयाचा रस्ता असा आहे की कंपनीने जखमीला आधी द्यावं आणि मग मालकाकडून वसूल करावं. बॅजचा मुद्दा तर कंपन्यांनी वर्षानुवर्षं ताणला. हलक्या वाहनाच्या लायसनवर प्रवासी वाहन चालवलं म्हणून आम्ही देणं लागत नाही, हे प्रत्येक लेखी जबाबात ठरलेलं वाक्य. ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या पीठाने त्यावर पडदा टाकला: एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतचं वाहन हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येतं, वेगळी नोंद लागत नाही. आमच्या सगळ्या रिक्षा, सहा सीटर आणि टॅक्स्या यात बसतात. गावातल्या किती रिक्षावाल्यांना हे कुणी सांगितलं? त्यांना भीती घालायला सगळे पुढे असतात.

उरला जादा माणसांचा प्रश्न, आणि तो आपल्याकडे रोजचा आहे. शेवटची एसटी चुकली की तीन सीटच्या रिक्षेत मागे चार बसतात. पाचवा चालकाच्या उजव्या अंगाला, अर्धा आत, अर्धा बाहेर, एक पाय पायरीवर आणि हात वरच्या पाइपाला. वळणावर तो जे अंग चोरतो त्यावरच गाडीचा तोल चाललेला असतो. पडतो तो बहुधा हाच. विमा मात्र तिघांचाच. ४२ आसनांच्या बसमध्ये दुपटीहून जास्त माणसं कोंबलेली होती, अशा एका अपघाताच्या प्रकरणात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने वाट काढली: कंपनीची जबाबदारी विमा काढलेल्या आसनांपुरती, पण सगळ्या निकालांतल्या सर्वात मोठ्या, आसनांच्या संख्येएवढ्या रकमा तिने भराव्यात, आणि जमा झालेला पैसा सर्व जखमींत व मृतांच्या वारसांत प्रमाणात वाटला जावा. म्हणजे पाचवा माणूस वाऱ्यावर सुटत नाही, फक्त त्याचं गणित अवघड होतं. गृहस्थ म्हणतील, बघा, एवढी भानगड असते म्हणून मिटवा. माझ्या मते भानगड आहे म्हणूनच वकील लागतो. भानगड नसती तर अर्जनवीसही पुरला असता.

दाव्याला शहरातलं खूळ म्हणतात, त्या निमित्ताने एक जुनं भांडण उकरून काढतो. कोकणी माणूस कोर्टाची पायरी चढत नाही, तो सोशिक आहे, हे मला कुणी सांगू नये. गडग्याची हद्द हातभर सरकली म्हणून आजोबांनी लावलेला दावा नातू चालवतो. सामायिक फणसाच्या झाडाला कुणी हात लावायचा, पायवाटेवरून गुरं न्यायची की नाहीत, देवळात मान आधी कुणाचा, यासाठी आम्ही तालुक्याला फेऱ्या घातल्या आहेत, जमिनी विकून वकिलांची फी दिली आहे. हायवेचं चौपदरीकरण आलं तेव्हा काय झालं? कलमं किती, फळती किती, आंबा हापूस की रायवळ, विहीर बांधीव की कच्ची, प्रत्येकाचा मोबदला मागितला आणि कमी वाटला त्याने वाढीव मागितला. योग्यच केलं. तेव्हा कुणी म्हणालं नाही की झाडाचा पैसा घेणं कमीपणाचं आहे. मग झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाच्या हातापायाचा हिशेब मागताना अचानक सोशिकपणा कुठून आठवतो? चिऱ्याच्या गडग्यासाठी भावाला कोर्टात खेचणारे आपण, आणि मोडलेल्या कमरेसाठी विमा कंपनीला नोटीस द्यायला लाजतो. ज्या गृहस्थांनी हा सोशिकपणा शिकवला, त्यांच्या पिढीने हद्दीच्या दाव्यांत किती हयाती घालवल्या ते मालवणात सर्वांना ठाऊक आहे. मी नाव घेत नाही.

बाकीचे आक्षेप चटकन उरकतो. वकील अर्धे खातात: निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवून फी घेणं बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. कुणी तसं मागत असेल तर लेखी फी ठरवणाऱ्या दुसऱ्या वकिलाकडे जावं, दावाच सोडू नये. दहा वर्षं जातात: काही प्रकरणांत खूप वेळ जातो, पण भरपाईवर व्याज मिळतं, लोकअदालतीत तडजोड होऊ शकते, आणि तिथली तडजोड कायद्याच्या पुस्तकातल्या आकड्यांवर होते, बिलांच्या बेरजेवर नाही. पैशाने हाड जुळत नाही: नाही जुळत, पण दुकानाची उधारी आणि मुलाची फी पैशानेच भागते.

पोलीस सगळं पाठवतात हा एकच आक्षेप थोडा अभ्यास करून घेतलेला दिसतो, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. १ एप्रिल २०२२ पासून नवे नियम आले हे खरं आहे. अपघाताची पहिली खबर पोलिसांनी ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायची, ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा, आणि तो अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून धरता येतो. चांगली तरतूद आहे. पण अहवालात येतं ते पोलिसांच्या कागदांत जे असेल ते. बाईच्या धंद्याचा पुरावा पोलीस गोळा करत बसत नाहीत. प्लेट दोन वर्षांनी काढावी लागेल हे पंचनाम्यात येत नाही.

याच सुधारणांनी आणलेला दुसरा धोका तर गृहस्थांच्या गावीही नाही. कलम १६४ प्रमाणे चूक कुणाची हे सिद्ध न करता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. आडवं जनावर आलं, चालकाची चूक दाखवणं कठीण आहे, अशा वेळी हे कलम आधाराचं आहे. पण कंपनीच्या अधिकाऱ्याने पुढे केलेले अडीच लाख तुम्ही या कलमाखाली स्वीकारले की कलम १६६ खालचा तुमचा मोठा दावा संपतो. वरच्या हिशेबातली बाई आठवा. पाच ते दहा लाखांचा हक्क अडीच लाखांच्या सहीने संपणार, आणि सही करताना तिच्या शेजारी कोण बसलेलं असणार? कंपनीकडे पगारी वकील आहे, तपासनीस आहे, डॉक्टर आहे. बाईकडे चार मोठी माणसं आहेत, आणि ती म्हणतायत, घेऊन टाक.

मग करायचं काय? माझी मागणी साधी आहे: गंभीर दुखापत झालेल्या प्रत्येकाने पहिल्या महिन्याच्या आत वकिलाचा सल्ला घ्यावा, दावा करायचा की नाही हे त्यानंतर ठरवावं. पहिला महिना म्हणतो कारण दावा बिघडतो तो पहिल्या दिवशीच. मालवणच्या ग्रामीण रुग्णालयात जखमीला आणतात, केसपेपर लिहिणारा विचारतो, काय झालं? बरोबरचा माणूस, पोलिसांची कटकट नको म्हणून, सांगतो, "घसरून पडलो." केसपेपरवर तेवढंच उतरतं. तिथून ओरोसला जिल्हा रुग्णालयात, तिथून मेंदूला मार आहे म्हणून गोव्यात बांबोळीला. बांबोळीत रिक्षा उलटल्याचं लिहिलं जातं. फिर्याद मालवणात चार दिवसांनी. आता एकाच अपघाताच्या तीन कहाण्या झाल्या, दोन राज्यांच्या कागदांवर, आणि कंपनीचा वकील पहिल्या कागदावर बोट ठेवून बसतो. म्हणून पहिल्या केसपेपरवर खरं लिहून घ्या: वाहन कुठलं, नंबर काय, कुठे उलटलं. बांबोळीची मेडिको-लीगल नोंद मालवण पोलिसांकडे मागवून घ्यावी लागते. ती आपोआप येईल या भरवशावर राहू नका. चूक झालीच असेल तरी सगळं संपत नाही. गोव्यातल्याच एका अपघाताच्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावलं की अशा दाव्यांत फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा मागायचा नाही, शक्यतेचं पारडं कुठे झुकतं तेवढं पाहायचं. पण हे पारडं झुकवणारा कुणी तरी उभा राहावा लागतो.

मुदतीचं विसरू नका. १९९४ साली उठवलेली मुदत नव्या सुधारणेने परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून दावा सहा महिन्यांत करायचा असं झालं. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि केवळ उशिराच्या कारणावर दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाला. त्या आदेशावर विसंबून कुणी स्वस्थ बसू नये. बैठका, दिवाळी, शिमगा असं करत सहा महिने आपल्याकडे सहज जातात.

मुंबईच्या चाकरमान्यांसाठी वेगळं सांगतो. गणपतीला, आंगणेवाडीच्या जत्रेला दादर-परळ-ठाण्याहून पांढऱ्या पाटीच्या गाड्या सीट भरून निघतात. एक सीट खाली आहे, असा निरोप फिरतो, भाडं फोनवरून पाठवलं जातं, पहाटे कशेडीत किंवा हातखंब्याला अपघात होतो. अशा गाडीला नुसता सक्तीचा विमा असेल तर आत बसलेल्यांना तो लागू नाही. पॅकेज पॉलिसी असेल तर बसणारे त्यात येतात, पण भाडं घेतल्याचं दिसलं की कंपनी पॉलिसीच्या अटी दाखवते. खोटं सांगायचं नाही. सांगायचं ते खरंच, पण दुसऱ्या वाहनाकडे बघायला विसरायचं नाही. दोन वाहनांच्या टकरीत दोघांचीही चूक असेल तर आतला प्रवासी कुणा एकाकडून पूर्ण भरपाई मागू शकतो, असं २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं आहे. समोरून आलेल्या ट्रकला बहुतेक वेळा विमा असतो आणि त्याला तुमच्या भाड्याशी कर्तव्य नसतं. मुंबईत ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीत जखमी झालात तर पिवळ्या पाटीचा प्रवासी विमा आहेच. ॲपवाली कंपनी मात्र म्हणणार, आम्ही फक्त गाठ घालून देतो. २०१९ च्या सुधारणेने अशा कंपन्यांची व्याख्या कायद्यात आणली आणि त्यांना परवान्याखाली घेतलं. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये त्यांना परवान्यासाठी अर्ज करायला लावले. त्यांना दाव्यात पक्षकार करायचं की नाही हा वकिलाने ठरवायचा प्रश्न आहे. प्रवासाची पावती, चालकाचं नाव आणि गाडीचा नंबर फोनमधून पुसू नका, एवढं तुमचं काम.

दावा कुठे लावायचा याची तर निवड आहे. अपघात झाला तिथे, तुम्ही राहता तिथे, धंदा करता तिथे, किंवा समोरचा पक्ष राहतो तिथे. पेडण्याला उलटलेल्या गाडीतल्या मालवणच्या माणसाने गोव्याच्या कोर्टात हेलपाटे घालायची गरज नाही, आणि कणकवलीजवळ जखमी झालेल्या परळच्या माणसाने ओरोसला यायची गरज नाही. अपिलाला पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून सिंधुदुर्गची अपिलं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, घाट चढला की कोर्ट.

फीची अडचण खरी आहे, पण तिलाही वाट आहे. बाई असेल तर उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा तिचा हक्क १९८७ च्या कायद्यात आहे. मुलांचा, अनुसूचित जाती-जमातींतल्या माणसांचा, अपंगांचाही आहे, आणि महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुणाचाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयाशी जोडलेलं, ओरोसला सिंधुदुर्गनगरीत आहे. १५१०० या क्रमांकावर फोन लागतो. कलेक्टर कचेरीत कामासाठी आपण जातोच. त्याच सिंधुदुर्गनगरीत चार पावलं पुढे जायचं आहे.

आणि रिक्षा संघटनांना एक विनंती. स्टॅंडवर भाड्याचे दर लावता तिथे प्रत्येक गाडीच्या विम्याची तारीखही लावा. अपघात झाला की गाडी लपवण्याऐवजी कंपनीला स्वतः कळवा, जखमीला पॉलिसीची झेरॉक्स द्या. ज्याला तुम्ही खिशातून वीस हजार देणार होता त्याला तो कागद जास्त उपयोगी आहे, आणि तुम्हाला पतपेढीत जावं लागणार नाही. नव्या नियमांत जखमीला त्याचे हक्क समजावणारा एक फॉर्म पोलिसांनी दहा दिवसांत द्यायचा असतो, फॉर्म नंबर दोन. मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, कुठल्याही ठाण्यात तो मागा, मराठीत मागा, आणि मिळेपर्यंत मागत राहा. साप्ताहिकातल्या गृहस्थांना पुढच्या बैठकीला बोलावणं आलंच, तर स्टॅम्पपेपरऐवजी तो फॉर्म बरोबर न्यावा.